बैलाची खालची बाजू

आमच्या पुण्याच्या सोसायटीत कोणी केरळला जाऊन आलं की आठवडाभर लिफ्टमध्ये दुसरा विषय नसतो. मी यवतमाळला जाऊन आले म्हटल्यावर शेजारच्या बाईंनी विचारलं, "बरं आहे ना सगळं? कोणी आजारी आहे का तिकडे?" म्हणजे माणूस हौसेनं यवतमाळला जाऊ शकतो, हे यांच्या डोक्यातच येत नाही! मी मूळची यवतमाळची. वडील तिथल्या कचेरीत होते, माझं कॉलेज तिथंच झालं. गेली तीस वर्षं पुण्यात एका विज्ञान संग्रहालयात मुलांचे उपक्रम घेते. लिफ्टमध्ये सांगता आलं नाही ते इथं सविस्तर सांगते. थोडी फुशारकी होईल. होऊ द्या.

आमच्या संग्रहालयाची एक गाडी आहे. आत जीवाश्म, सूक्ष्मदर्शक, दुर्बीण, लॅपटॉप, मोबाईल असं सगळं भरलेलं असतं आणि ती गावोगावच्या शाळांत जाते. या वेळी त्या गाडीला आणखी एक काम होतं. संग्रहालयात एक मोठा टचस्क्रीन बसवायचा होता, त्याचं नाव "मुलांची भिंत". गावोगावच्या मुलांनी आपल्या घरातली एखादी वस्तू मोबाईलनं टिपून तिची त्रिमिती प्रतिकृती करायची, आणि ती त्या पडद्यावर कोणालाही बोटानं फिरवून बघता यावी. रविवारी उद्घाटन. एक जागा यवतमाळ जिल्ह्यासाठी रिकामी ठेवलेली.

आमचे साहेब म्हणाले, "मुलांनी फोटो काढू देत. बाकीचं आपले तंत्रज्ञ इथं करतील. नाव मुलांचंच लावू."

माझं डोकंच फिरलं. "काम तुमचं आणि नाव त्यांचं? ही कसली मुलांची भिंत?"

साहेब थंडपणे म्हणाले, "ठीक आहे. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत मुलांनी स्वतः पूर्ण केलेली प्रतिकृती आली तर ती लावू. नाहीतर त्या जागी आपली तोफ लागेल."

संग्रहालयातल्या जुन्या तोफेचा नमुना आमच्या तंत्रज्ञांनी आधीच तयार करून ठेवला होता. मी म्हटलं, बघतेच!

दारव्हा, बुधवार

गाडी चालवायला दिनकरराव होते. हे साताऱ्याचे. आपल्याकडचं सोडून दुसरीकडचं तिखट हे तिखटच नव्हे, असं यांचं ठाम मत. दारव्ह्याला सकाळी स्टँडजवळ पोहे घेतले. पोह्यांवर लालभडक तर्री पडताना पाहून मी म्हटलं, "जरा बेतानं." तर म्हणाले, "ताई, आम्ही तांबडा रस्सा पिणारी माणसं." तिसऱ्या घासाला उचकी लागली ती शाळा येईपर्यंत थांबली नाही. मी फक्त पाण्याची बाटली पुढे केली आणि हसले.

शाळेत मुलं रांगेनं आली आणि हात पाठीमागे बांधून उभी राहिली. प्रश्न नाहीत, गलका नाही. मला कळेना, एवढी शहाणी मुलं झाली कधी? मग लक्षात आलं. दिनकररावांनी सवयीनं पुण्याची "कृपया हात लावू नये" ही पाटी टेबलावर मांडून ठेवली होती. मी ती उचलली, खुर्चीवर ठेवली आणि तिच्यावर बसले. "आता लावा हात," म्हटलं. त्यानंतर जो गोंधळ झाला त्याला तोड नाही.

सगळ्यात मोठी रांग सूक्ष्मदर्शकापुढे लागली. एका मुलीनं शेतातून कपाशीचं किडकं बोंड आणलं होतं. आतली गुलाबी अळी काचेखाली ठेवली आणि चित्र लॅपटॉपवर घेतलं. पडदाभर अळी! त्या दिवशी गावचा बाजार होता. आरडाओरडा ऐकून पिशवी घेतलेले एक म्हातारे शेतकरी आत आले, चष्मा पुसून पडद्याकडे बघत राहिले.

"हे थेच हाय का, बोंडातली?" त्यांनी विचारलं.

"तीच, काका."

"इतके वर्स झाले हिले मारून राह्यलो, पन तोंड आज पाह्यलं हिचं." मग मुलांकडे वळून म्हणाले, "नीट पाहून घ्या रे बाप्पा. दुश्मन वळखता आला पाह्यजे."

पुण्यात आमच्याकडे पालक मुलांना सोडायला येतात आणि बाहेर मोबाईलमध्ये डोकं घालून बसतात. दारव्ह्याला मुलांपेक्षा मोठीच माणसं जास्त वेळ रेंगाळली. निघायला आम्हाला दोन तास उशीर झाला.

फुलसावंगी, गुरुवार

दिग्रस, पुसद करत महागाव तालुक्यात शिरलो. पोळा नुकताच झाला होता. सागाला पांढरा मोहर, सोयाबीन गुडघ्याच्या वर, आणि कपाशीवर पिवळी-गुलाबी फुलं. दिनकरराव म्हणाले, "मला वाटलं होतं यवतमाळ म्हणजे नुसता रखरखाट." मी म्हटलं, "तुम्हाला वाटण्यासारखं बरंच काही वाटतं." पण आतून बरं वाटलं.

फुलसावंगी हे मोठं गाव. शाळेत विज्ञान शिकवणारे राठोड सर फाटकातच उभे होते. किडकिडीत, चाळिशीचे, खिशात चार रंगांची पेनं. "मॅडम, पोरं सकाळपासून वाट पाहून राह्यले. म्या सांगतलं होतं, घरची एक एक चीज आना."

आणली होती की! पाटा, पेरणीच्या तिफणीचं चाडं, बंद पडलेला रेडिओ, दळणाचं जातं, आणि एकानं चक्क जिवंत कोंबडी. मी त्याला समजावलं, की बाबा रे, आपल्याला एकाच जागी स्थिर राहणारी वस्तू हवी. तो म्हणाला, "हे अंड्यावर बसली का हालत नाही, मॅडम." कोंबडीनं तेवढ्यात लॅपटॉपवर उडी मारली.

मुलांना आधी काम समजावून सांगितलं. वस्तूभोवती फिरत मोबाईलनं साठ-सत्तर फोटो घ्यायचे. लॅपटॉप त्या फोटोंमधल्या सारख्या खुणा शोधतो, एकाला एक जोडतो आणि पडद्यावर वस्तू उभी करतो. शेवटी मी माझं नेहमीचं वाक्य टाकलं. "संग्रहालयाचा पहिला नियम. जे आपण पाहिलं नाही, ते मांडायचं नाही." हे वाक्य मी फार ऐटीत म्हणते. कोणी मनावर घेईल अशी अपेक्षा नसते.

भिंतीसाठी कोणती वस्तू, हे मुलांनीच हात वर करून ठरवलं. प्रणालीचा लाकडी बैल. प्रणाली नववीतली, दोन वेण्या, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. बैल गुडघ्याएवढा, चार चाकांचा, तिच्या वडिलांच्या लहानपणचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. आदल्या दिवशी मोठ्यांचे खरे बैल मिरवतात, दुसऱ्या दिवशी लहान मुलं आपापले लाकडी बैल सजवून ओढत नेतात. दिनकरराव म्हणाले, "आमच्याकडे पोळ्यासारखा बेंदूर असतो, त्याला मातीचे बैल पुजतात, पण हे असं चाकांवरचं काही नाही." पहिल्यांदाच साताऱ्याकडे एखादी गोष्ट नाही हे त्यांनी कबूल केलं, त्याची मी नोंद घेतली.

बैल असा चमकत होता की बघत राहावं. पोळ्याला ऑइलपेंट दिलेलाच होता, वर संग्रहालयाची माणसं येणार म्हणून बुधवारी वडिलांनी त्यावर वॉर्निश चढवलं होतं. पाहुण्यांपुढे कोणी मळका बैल ठेवतं का!

प्रणालीनं सत्तर फोटो घेतले, अगदी पाऊल मोजत. तासाभरानं लॅपटॉपवर जे उभं राहिलं ते बघून मुलं एकमेकांकडे बघायला लागली. शिंगं वितळलेली, डोळा पाठीवर गेलेला, वशिंडाच्या जागी खड्डा. चकाकणाऱ्या वस्तूचं हेच होतं. आपण फिरलो की चमकही फिरते, आणि लॅपटॉपला एकही खूण दोनदा सापडत नाही. हे मला माहीत होतं. "वस्तू चकचकीत करू नका" ही एक ओळ शाळेला पाठवलेल्या पत्रात लिहायची मी विसरले होते. चूक माझी, आणि चेहरा पडला तिचा.

"आमाले वाटलं चमकलं म्हंजे चांगलं दिसते," ती हळूच म्हणाली.

मी काहीतरी समजूत घालणार, तेवढ्यात ती पडद्याच्या जवळ गेली. "मॅडम, चाकं बरोबर आले."

खरंच. बैलाचा चिखल झाला होता, पण चारही चाकं स्वच्छ, गोल, एकेक खाच दिसत होती.

"चाकाले माती लागेल हाय," ती म्हणाली. "येताना रस्त्यावरून ओढत आनला ना. माती हाय थिथं चमक नाही." आणि कोणाला काही न विचारता फळ्याकडे गेली, डस्टर उचललं आणि बैलाच्या पाठीवर थाडथाड आपटलं. खडूची पांढरी भुकटी बैलावर बसली.

आमच्या पुण्याच्या प्रयोगशाळेत या कामासाठी खास फवारा मागवलेला आहे. इथे नववीतल्या पोरीनं ते डस्टरनं केलं! मी राठोड सरांकडे पाहिलं. ते खिशातली पेनं उगाच नीट करत होते, पण कान लाल झाले होते. मास्तरांना अभिमान वाटला की असं होतं.

संध्याकाळी सरांकडे जेवलो. आंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर, ठेचा आणि कढी. दिनकररावांनी ठेच्याकडे आदरानं पाहिलं आणि ताटाच्या कडेला ठेवला.

फुलसावंगी, शुक्रवार

शाळा भरल्यावर खडू लावलेल्या बैलाचे नवे फोटो घेतले आणि दुपारी दीडच्या सुमाराला पडद्यावर बैल उभा राहिला. शिंगं, वशिंड, झुलीची नक्षी, सगळं जागच्या जागी! मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी मनात साहेबांच्या तोफेला निरोप दिला.

प्रणालीनं बोटानं बैल गोल फिरवला, मग उलटा केला. पोटाखाली भलंमोठं भोक.

"इथं काही नाही," ती म्हणाली.

"असणारच," मी म्हटलं. "तो टेबलावर उभा होता ना, खालचे फोटो कुठे घेतले आपण? काळजी करू नकोस. एक बटण दाबलं की लॅपटॉप ते भोक आपोआप बुजवतो." आणि बटणावर बोट ठेवलंसुद्धा. हो, मी. ऐटीत नियम सांगणारी.

"नका बुजवू, मॅडम."

"अगं, खाली कोण बघणार आहे?"

"तुमीच सांगतलं ना काल? जे पाह्यलं नाही, थे मांडाचं नाही. लॅपटॉपनं थोडीच पाह्यलं खाली काय हाय थे." तिनं खरा बैल उचलून मला खालून दाखवला. पुढच्या चाकांचा लाकडी आस कधीतरी मोडला होता. त्याच्या जागी फवारणीच्या जुन्या पंपाचा लोखंडी दांडा बसवून तांब्याच्या तारेनं आवळलेला. "हा पप्पानं लावला. याच्याबिगर चालला असता का थो?"

तीस वर्षं मी हे वाक्य म्हणत आले आणि ते पहिल्यांदा कोणीतरी माझ्यावरच फेकलं. राग यायला हवा होता. आला नाही. फक्त घड्याळाकडे पाहिलं. पुन्हा सगळे फोटो, पुन्हा तासभर लॅपटॉप, मग दोन्ही बाजू एकमेकींना जोडायच्या, आणि पाचच्या आत पाठवायचं. साहेबांना फोन केला.

"भोक राहू द्या की," साहेब म्हणाले. "नाहीतर बुजवा. कोणाला कळणारे?"

"प्रणालीला कळेल," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

मुलांनी बैल उलटा करून, शिंगं अलगद पोत्यात रुतवून ठेवला. चारही चाकं आभाळाकडे. प्रणाली मोबाईल सरसावते तोच दारातून आवाज आला, "हे काय करून राह्यली वं?"

तिचे वडील, गजाननभाऊ. शेतातून सरळ आलेले, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला. त्यांची नजर बैलावर गेली आणि चेहरा बदलला.

"सरळ कर त्याले आधी." आवाज चढला नव्हता, पण पोरं मागं सरकली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, पाय वर केलेला बैल आमी एकदाच पाहतो. मेल्यावर. आताच पोळा झाला, आन् तुमी हे असं..."

तीस वर्षांत मला हे सुचायला हवं होतं. मी यवतमाळची ना?

प्रणालीनं बैल सरळ केला. मग म्हणाली, "पप्पा, तुमी लावलेला दांडा खाली हाय. थो दाखवल्याबिगर बैल पुरा होत नाही."

"थो कायले दाखवाचा? भंगारातला दांडा थो."

"मंग बैल कायच्यावर चालते?"

गजाननभाऊंनी लेकीकडे पाहिलं, पडद्यावरच्या पोकळ पोटाकडे पाहिलं. राठोड सर म्हणाले, "गजाननभाऊ, तुमी नाही म्हनाल तं नाही. पोरीचं ऐकाचंच असं काही नाही." मी मनात म्हटलं, सर, तुम्ही गप्प बसा हो! पाचला आता फार वेळ उरला नव्हता.

गजाननभाऊ खाली बसले. बैलाच्या मानेवरून हात फिरवला. मग एकदम म्हणाले, "नाल ठोकतानी कसा पाडते गं बैल?"

"आडवा," प्रणाली म्हणाली.

"मंग? उलटा कायले करतं? आडवा पाड ना! पाय दिसते, पोट दिसते, दांडा दिसते. आन् बैल आपला जिताच राहते."

एवढं साधं! खऱ्या बैलाला नाल मारायचा तर नालबंद त्याला कुशीवर पाडतो, पाय बांधतो, एक माणूस मान धरतो. गजाननभाऊंनी पोतं चार पदरी केलं आणि बैल त्यावर कुशीवर निजवला. "हां, हां, झालं, झालं," असं लाकडाच्या बैलाला पुटपुटत, मानेवर हात ठेवून बसून राहिले. प्रणालीनं पोटाखाली डस्टर आपटलं, फिरत फिरत पाच फोटो घेतले आणि थांबली.

"पप्पा, हात काढा. फोटोत येऊन राह्यला."

"अवं, उठन ना थो!"

सगळा वर्ग खो-खो हसला, तेही हसले, आणि हात काढला. नंतर कधीतरी मी ते पहिले पाच फोटो पुसणार होते. पुसले नाहीत. माझ्या लॅपटॉपवर आहेत अजून.

प्रणालीनं स्वतः फोटो भरले, स्वतः दोन्ही बाजू जोडल्या. तीन जागी खुणा जुळेनात, तर तिनं झुलीच्या नक्षीतल्या सारख्या जागा दोन्हीकडे ओळखून पडद्यावर तिथे टाचण्या लावल्या. मी हात पाठीमागे बांधून उभी होते. माझे हात शिवशिवत होते, पण नाही म्हणजे नाही. पावणेपाचला बैल पुरा झाला. वरून बैल, खालूनही बैल.

आणि शाळेत रेंज बोलण्यापुरतीच, फाईल काही जाईना!

"बसा गाडीत," दिनकरराव ओरडले. आम्ही लॅपटॉप, प्रणाली, गजाननभाऊ, सर असे कोंबून बसलो आणि रस्त्याच्या चढावर जाऊन थांबलो. तिथं पुरेशी रेंज आली. फाईल गोगलगायीसारखी सरकायला लागली. शंभर टक्के झाली तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. साहेबांचा फोन लगेच आला.

"तुमची फाईल पाचनंतर आली."

"हो," मी म्हटलं. "मग?"

तिकडून माऊसची टिकटिक ऐकू आली. मग म्हणाले, "मी खालून बघतोय. तो दांडा कसला आहे?"

मी फोन प्रणालीच्या हातात दिला. तिनं साहेबांना फवारणीचा पंप काय असतो, त्याचा दांडा का मोडत नाही आणि तार तांब्याचीच का लागते, हे सगळं समजावून सांगितलं. पाच-सात मिनिटं साहेब फक्त "हं, हं" करत होते. आमचे साहेब! फोन परत घेतला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "लावतोय."

पुणे, रविवार

उद्घाटनाची भाषणं सोडून देते, ती सगळीकडे सारखीच असतात. भिंत सुरू झाली आणि मुलांची झुंबड उडाली. फुलसावंगीच्या बैलाखाली पाटी होती, "प्रतिकृती: प्रणाली, इयत्ता नववी, फुलसावंगी, जिल्हा यवतमाळ". मी लांब खांबाजवळ उभी राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्याला "ही आमच्या यवतमाळची हं" असं सांगायचं नाही, असं स्वतःला बजावलं होतं. तोवर चौघांना सांगून झालं होतं.

मग चष्मा लावलेला सात-आठ वर्षांचा एक मुलगा आला. त्यानं बैलावर बोट ठेवलं. शिंगं पाहिली नाहीत, झूल पाहिली नाही. पहिल्याच फटक्यात बैल उलटा केला.

"आई! हे बघ ना! ह्यांनी चाकाला खालून लोखंडाचा दांडा लावलाय! तारेनं बांधलाय!"

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. लाज वाटली नाही. तिथूनच प्रणालीला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं.

"खाली पाह्यलं थ्यानं?" तिनं विचारलं. "आधी खालीच पाह्यलं?"

"आधी खालीच!"

तिनं फोन बाजूला धरून ओरडून वडिलांना सांगितलेलं मला ऐकू आलं. मग तिकडून गजाननभाऊंचं काहीतरी बोलणं, आणि ती परत फोनवर आली.

"मॅडम, पप्पा म्हनते, दांडा दिसते तं चाक फिरते का?"

"नाही गं, फिरत नाही. ते वेगळं शिकावं लागतं."

"मंग थे काहून नाही शिकवलं?"

दालनात एवढी माणसं, साहेब शेजारी, आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडले, "शिकवतो ना वं बाई! काहून नाही शिकवनार!"